अम्मीने मागितलेली जानमाज

उमराहला निघायच्या आदल्या रात्री अम्मीने माझ्या हातात एक रुमाल ठेवला. गाठ सोडून पाहिली तर आत पंचवीस हजार रुपये. अब्बांच्या मागे तिला जे निवृत्तिवेतन मिळते, त्यातून वर्षभर बाजूला काढलेले.

“खजूर आणि झमझम सगळेच आणतात,” ती म्हणाली. “तुमची टूर येताना तुर्कस्तानला थांबणार आहे ना? मग मला तिथली एक जानमाज आण. जुनी, हाताने विणलेली. मशीनची नको. मशीनच्या सात कपाटात पडल्यात.”

सात हा आकडा खरा होता. आमच्या नात्यात जो कोणी हजला किंवा उमराहला जातो, तो येताना जानमाज आणतो. मखमली, गुळगुळीत, काबाशरीफचे नाहीतर मस्जिद-ए-नबवीचे चित्र असलेली. अम्मी प्रत्येकाला दुआ देते आणि जानमाज कपाटात ठेवते. आठवी जानमाज अब्बांची. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर ते हजला गेले, तेव्हा त्यांनी आणलेली. गुडघ्यांच्या जागी झिजलेली, कपाळाच्या जागी रंग उडालेली. अब्बांच्या इंतकालानंतर अम्मीने ती पांढऱ्या कापडात घडी घालून ट्रंकेत ठेवली. दोन वर्षे झाली, ती कोणी उलगडली नव्हती. “जानमाज विणावी ती तुर्कांनी,” असे अब्बा म्हणायचे. ते कधी तुर्कस्तानला गेले नव्हते. कुठेतरी वाचले असावे. अम्मीच्या मागणीचे मूळ त्या वाक्यात होते, हे मला कळत होते.

मी मिरजेत शिक्षिका आहे. उर्दू आणि मराठी शिकवते. गालिच्यांतले मला काही कळत नव्हते. ही जबाबदारी घेऊनच मी विमानात बसले.

अल्लाहच्या कृपेने उमराह व्यवस्थित पार पडला. इस्तंबूलला पोहोचल्यावर पहिली नमाज आम्ही सुलतान अहमद मशिदीत अदा केली. मशीद डोळ्यांत मावत नाही एवढी देखणी. पण माझी नजर खाली होती. पायाखाली भिंतीपासून भिंतीपर्यंत एकच मशीनवरचा गालिचा. नमाजनंतर मी गाईडला विचारले, “जुने गालिचे कुठे गेले?” त्याने दारातूनच मैदानापलीकडे बोट केले. समोर दगडी कमानींची जुनी इमारत होती. सुलतान सुलेमानचा वजीर इब्राहिम पाशा याचा तो वाडा. आता तिथे तुर्की व इस्लामी कलांचे संग्रहालय आहे.

या संग्रहालयाचा इतिहास वाचताना मी पहिल्याच ओळीवर थांबले. १९१४ साली ते सुलेमानिया मशिदीच्या आवारातल्या लंगरखान्यात सुरू झाले. त्याचे तेव्हाचे नाव होते ‘इस्लामी औकाफ संग्रहालय’. औकाफ म्हणजे वक्फचे अनेकवचन. ‘वाहिद-जमा’च्या धड्यात हा शब्द मी दर वर्षी मुलांकडून पाठ करून घेते. त्या काळात उस्मानी साम्राज्यातल्या मशिदी, मदरसे आणि दर्ग्यांतून जुन्या वस्तू चोरीला जात होत्या, परदेशी विकल्या जात होत्या. त्या वाचवण्यासाठी एका छताखाली आणल्या गेल्या. १९८३ मध्ये संग्रहालय आजच्या वाड्यात आले. इथल्या गालिच्यांचा संग्रह जगातल्या सर्वांत मोठ्या संग्रहांपैकी एक मानला जातो. आणि त्यांतले किती तरी गालिचे मशिदींतून आलेले आहेत. म्हणजे कोणीतरी ते मशिदीला दिले होते.

का दिले होते, तेही समजले. अनातोलियाच्या अनेक गावांत रीत होती की, मय्यत ज्या गालिच्यात ठेवून किंवा ज्याने झाकून मशिदीत नेली, तो गालिचा घरी परत आणायचा नाही. मृताच्या सवाबासाठी तो मशिदीलाच द्यायचा. गालिच्यावर गालिचा पडत गेला. खालचे गालिचे वरच्यांखाली झाकले जाऊन शेकडो वर्षे टिकले. घरात ठेवलेले वापरून विरले, विकले गेले किंवा वाटण्यांत गेले. जे देऊन टाकले, ते उरले. मला ट्रंकेतली अब्बांची जानमाज आठवली.

दालनात उजेड मंद होता, कारण प्रखर प्रकाशाने जुने रंग उडतात. भिंतीवर जानमाजी उभ्या टांगल्या होत्या. जमिनीवर पाहायची सवय असलेली वस्तू अशी उभी पाहिली की ती एकदम दरवाजासारखी दिसते. खरे तर ती असतेच दरवाजा. वर मेहराबीची कमान, दोन बाजूंना खांब, कमानीच्या टोकावरून लोंबणारा दिवा. तो दिवा पाहून सूरह नूरमधल्या कोनाड्यातल्या दिव्याची आठवण कोणत्या मुसलमानाला होणार नाही? पुढच्या काळातल्या जानमाजींत हाच दिवा हळूहळू फुलांचा गुच्छ होतो, कधी वजूचा बधना होतो. दिवा विणता विणता एखाद्या मुलीच्या हातून फूल उमलले असेल आणि तिच्या मुलीने पुढे फूलच विणले असेल.

तुर्की भाषेत जानमाजला ‘सेज्जादे’ म्हणतात. आपला सज्जादा तोच, सजद्यावरून आलेला. आपण म्हणतो तो जानमाज शब्द फारसी, जा-ए-नमाज, म्हणजे नमाजची जागा. एका नावात कृती आहे, दुसऱ्यात जागा. आणि गालिचा दोन्ही एकत्र आणतो. तो अंथरला की घर असो, सराई असो की रानातला तंबू, तेवढी चार हात जमीन मशीद होते.

थोडी ओळख झाली की या जानमाजी आपले गाव स्वतःच सांगू लागतात. मनिसा प्रांतातल्या गोर्देसची कमान उंच आणि निमुळती, बाजूला बारीक खांब. तिथून जवळच्या कुलाची कमान बसकी, आणि भोवती अरुंद पट्ट्यांची किनारीमागून किनार. कोन्याजवळच्या लादिकच्या जानमाजीत लांब देठांच्या ट्युलिपच्या फुलांची रांग असते, ती पाहिली की दुसरे नाव घ्यावे लागत नाही. मिलासची कमान गळ्याशी आवळलेली आणि वर शंकरपाळ्यासारखी. बर्गमाचे लाल-निळे रंग भडक, रेषा सरळसोट. गोर्देसच्या एका प्रकाराला ‘किझ गोर्देस’, म्हणजे मुलीची गोर्देस म्हणतात. मुली आपल्या लग्नासाठी ती विणत, असे तिथे सांगतात.

लादिकच्या ट्युलिपपाशी मी बराच वेळ उभी राहिले. तुर्कीत या फुलाला ‘लाले’ म्हणतात, आपल्या उर्दूतला लाला. अरबी लिपीत लिहिले तर लाम, अलिफ, लाम, हे. अबजदच्या हिशेबाने त्यांची बेरीज होते ६६. आणि ‘अल्लाह’ या नावाच्या अक्षरांची बेरीजही ६६ च. अक्षरे तीच आहेत, फक्त क्रम बदललेला. ‘हिलाल’चीही बेरीज तेवढीच. म्हणूनच तुर्कांच्या मशिदींत, फरश्यांवर आणि गालिच्यांवर हे फूल पुन्हा पुन्हा येते. मी बोटांवर हिशेब करत होते तेव्हा माझे पती हसले, “इथेही परीक्षा घेतेस का?”

पण एक प्रश्न मनात होता आणि तो टाळून पुढे जाणे मला बरे वाटेना. नमाजसाठी एवढी नक्षी हवीच कशाला? हदीसमध्ये येते की पैगंबर मुहम्मद (स.) खजुरीच्या पानांच्या लहानशा चटईवर नमाज अदा करत. एकदा नक्षीदार चादर पांघरून नमाज पढल्यावर तिच्या वेलबुट्टीकडे लक्ष गेले, म्हणून त्यांनी ती परत पाठवली आणि साधी मागवली, हे हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितले आहे. सारी जमीन या उम्मतीसाठी सजद्याची जागा केली गेली आहे. मग जानमाज तर अटच नाही, आणि सुंदर जानमाज त्याहून नाही.

हा विचार मनात घेऊन मी पुन्हा त्या गोर्देसपुढे गेले, तेव्हा आधी न दिसलेली गोष्ट दिसली. सगळी नक्षी किनारीत होती. कमानीच्या आत, जिथे कपाळ टेकते तिथे, नुसता निळा रंग. एक फूल नाही, एक पान नाही. विणणारीने भोवतालची सारी बाग फुलवली आणि सजद्याची जागा मोकळी सोडली. सगळ्याच जुन्या जानमाजी अशा नाहीत, पण उत्तम म्हणाव्यात अशा अनेकींत हा मोकळा चौक आहे. हदीसमधली शिकवण या बाईने आपल्या परीने मागावर उतरवली होती, असे मला वाटले.

दुसऱ्या दिवशी आयासोफियाच्या आवारातल्या जुन्या लंगरखान्यात असलेले गालिच्यांचे वक्फ संग्रहालय पाहिले. तिथे एक लांबलचक गालिचा आहे, ज्यात एकामागे एक मेहराबी विणलेल्या आहेत. अशा गालिच्याला तुर्क ‘सफ’ म्हणतात, आपल्यासारखेच. प्रत्येक नमाजीला एक मेहराब. बादशहा आला तरी त्याच्या वाट्याला एकच मेहराब, आणि हमालालाही तेवढीच. सिवास प्रांतातल्या दिव्रिगीच्या प्राचीन मशिदीतून आणलेले गालिचेही या संग्रहालयात आहेत.

तिसऱ्या दिवशी बस अनातोलियाच्या माळरानातून निघाली. रस्त्यात अक्सरायची पाटी दिसली आणि मी सरसावून बसले. इब्न बतूता चौदाव्या शतकात या गावी आला होता. इथल्या मेंढीच्या लोकरीच्या गालिच्यांना तोड नाही आणि ते शाम, मिस्र, इराक, हिंदुस्तान आणि चीनपर्यंत जातात, अशी नोंद त्याने आपल्या सफरनाम्यात केली आहे. त्याच्याही आधी, तेराव्या शतकात, मार्को पोलोने तुर्कमानांच्या मुलखातल्या गालिच्यांची अशीच वाखाणणी केली. म्हणजे अम्मी जी मागणी करत होती ती हिंदुस्तानातून सहा-सातशे वर्षांपूर्वीही होत होती!

अक्सरायच्या पुढे सुलतानहानी नावाचे गाव लागते. १२२९ साली सुलतान अलाउद्दीन कैकुबादने बांधलेली प्रचंड सराई तिथे आहे. सगळे ती पाहायला गेले. मी मात्र शेजारच्या एका कार्यशाळेत शिरले, कारण हे गाव जुन्या गालिच्यांच्या दुरुस्तीसाठी ओळखले जाते. आत चार-पाच माणसे मांडीवर फाटके गालिचे घेऊन सुईने भरत होती. कानाशी दिवा, नाकावर चष्मा. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतले कारागीर जसे भोपळ्यावर वाकून बसतात, अगदी तसे. हात चालू असताना बोलायचे नाही, हा नियमही तोच.

त्यांतल्या एका वयस्कर चाचांनी गाईडमार्फत मला गालिचा वाचायला शिकवले. त्यांनी आधी तो उलटा केला. “पाठ बघ. तोंड खोटे बोलेल, पाठ बोलणार नाही.” पाठीवर प्रत्येक गाठ मोजता येत होती. माग उभा असतो. उभ्या धाग्यांचा ताणा. दोन धाग्यांभोवती लोकर गुंडाळायची आणि तिची दोन्ही टोके त्या दोन धाग्यांमधून वर काढायची. ही तुर्की गाठ, हिलाच गोर्देस गाठ म्हणतात. इराणी गाठीत लोकर एकाच धाग्याला पूर्ण वेढते. तुर्की गाठ दोन्ही धाग्यांना सारखीच धरते, म्हणून फार बळकट. गाठींची एक ओळ झाली की आडवा बाणा घालायचा आणि लोखंडी पंज्याने ठोकून बसवायचा. मग पुढची ओळ.

मी मनातल्या मनात गणित मांडले. चार बाय सहा फुटांची जानमाज, एका चौरस इंचात साठ गाठी धरल्या तर दोन लाखांहून अधिक गाठी. मिनिटाला दहा बसल्या तरी साडेतीनशे तासांच्या घरात. गुरांचे, चुलीचे, लेकरांचे सगळे आटोपून रोज चार तास मागावर बसणाऱ्या बाईला जवळजवळ तीन महिने लागतील. त्यात मेंढीची लोकर कातरणे, पिंजणे, सूत काढणे आणि रंगवणे धरलेलेच नाही.

रंगांबद्दलही चाचा बोलले. लाल रंग मंजिष्ठेच्या जातीच्या झुडपाच्या मुळांतून, निळा निळीतून, तपकिरी अक्रोडाच्या सालींतून, पिवळा रानातल्या झुडपांतून. रंग पक्का करायला तुरटी. काळ्या रंगात लोहाचा अंश असल्याने तिथली लोकर हळूहळू कुजते. म्हणून जुन्या गालिच्यावर हात फिरवला की काळ्या रेषा खोल गेलेल्या लागतात. एकाच निळ्या चौकात मध्येच फिकट, मध्येच गडद पट्टे दिसतात. लोकरीची एक खेप संपली, दुसरी रंगवली, रंग थोडा वेगळा आला. हा दोष नाही, ही त्या घराची रोजनिशी आहे.

मग १८५६ मध्ये इंग्लंडात रासायनिक रंग निघाला. पुढच्या बारा-तेरा वर्षांत मंजिष्ठेच्या मुळातला लाल रंगही जर्मनीत प्रयोगशाळेत तयार झाला. स्वस्त रंगांचे डबे अनातोलियाच्या खेड्यांत पोहोचले आणि पिढ्यान्‌पिढ्यांची कृती विसरली गेली. १९८१ मध्ये हाराल्ड ब्योमर या जर्मन शिक्षकाने इस्तंबूलच्या मर्मरा विद्यापीठासोबत त्या जुन्या कृती शोधून आयवाजिक आणि युंतदाग भागातल्या गावकऱ्यांना पुन्हा शिकवल्या. युंतदागमध्ये विणणाऱ्या बायकांनी स्वतःची सहकारी संस्था काढली. तिथे गालिच्याची किंमत विणणारीच्या हातात पडते. एका शिक्षकाने हे सुरू केले याचा मला उगाच अभिमान वाटला.

कोन्याला मौलाना रूमींच्या दर्ग्यावर फातिहा पढून आम्ही टेकडीवरच्या अलाउद्दीन मशिदीत गेलो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच मशिदीत सेल्जुक काळातले, तेराव्या शतकातले म्हणून ओळखले जाणारे गालिचे सापडले. ते आता इस्तंबूलच्या त्या वाड्यात आहेत. सातशे वर्षे माणसे येऊन त्यांवर उभी राहिली आणि निघून गेली.

शेवटचा दिवस इस्तंबूलच्या बाजाराचा. तिथल्या एका गल्लीतल्या दुकानात आम्ही शिरलो. सफरचंदाचा चहा आला, आणि पोऱ्या एकामागे एक गालिचे हवेत झटकून पायाशी पसरू लागला. चाचांचे धडे कामी आले. पाठ पाहिली. दशा पाहिल्या. अस्सल हातमागाच्या गालिच्याच्या दशा म्हणजे ताण्याचेच धागे असतात, वरून शिवलेली झालर नव्हे. लोकरीची लव फाकवून मुळाशी रंग पाहिला. पांढरा रुमाल ओला करून कोपऱ्यात घासला. एका ‘दोनशे वर्षांच्या’ गालिच्याचा रंग रुमालाला लागला, तेव्हा दुकानदार हसला आणि म्हणाला, “तुम्ही शिक्षिका आहात का?”

मग त्याने आतून एक जानमाज आणली. लादिक. विटकरी लाल, ट्युलिपची रांग, गुडघ्यांच्या जागी ताण्यापर्यंत झिजलेली. पाठ खरी, दशा खऱ्या, काळ्या रेषा खोल गेलेल्या. माझ्या छातीत धडधडले. किंमत अम्मीच्या रुमालातल्या रकमेच्या सहापट होती. आम्ही उठू लागलो तसा तो खाली आला. पाचपट, चौपट. पतींनी हळूच सांगितले, “कार्डावर घेऊ. अम्मीची इच्छा आहे.” मी कागदपत्रांचे विचारले, कारण तुर्कस्तानातून जुना गालिचा बाहेर न्यायला संग्रहालयाचा दाखला लागतो. “बॅगेत तळाशी ठेवा, कोणी बघत नाही,” तो म्हणाला. आणि आमचा विरस पाहून त्याने आपला शेवटचा डाव टाकला. “बहनजी, ही बाजारातली नाही. कोन्याकडच्या एका खेड्यातल्या मशिदीतली आहे. शंभर वर्षे हिच्यावर नमाज झाली आहे.”

त्याला वाटले किंमत वाढली. मी जानमाजीचा कोपरा उलटला. पाठीमागे कापडाची एक पट्टी पूर्वी शिवलेली होती. पट्टी उसवलेली, टाक्यांची टोके तेवढी उरलेली. तिथे काय होते, ते त्याने सांगितले नाही. मला वाटले, देणाऱ्याचे नाव असावे.

हजरत उमर (रजि.) यांना खैबरमध्ये चांगली जमीन मिळाली, तेव्हा पैगंबरांनी (स.) दिलेला सल्ला आपण सगळे जाणतो. मूळ वस्तू राखायची आणि तिचा लाभ लोकांना द्यायचा. ती विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारशात वाटायची नाही. वक्फचा पाया तोच. दुकानदाराचे म्हणणे खोटे असेल तर तो मला फसवत होता. खरे असेल तर मी त्या मशिदीला, आणि जिच्या मय्यतीनंतर ती दिली असेल तिला फसवणार होते. मी जानमाज गुंडाळून त्याच्या हातात दिली.

हा मोह नवा नाही. १६१० साली सुलतान अहमद पहिल्याच्या काळात कुताह्या शहराला हुकूम गेला होता की मेहराब आणि काबा विणलेले गालिचे परधर्मीयांना विकण्यासाठी बनवू नयेत. पण व्यापार थांबला नाही. रोमानियात ब्राशोव्हच्या ‘काळ्या चर्च’मध्ये आजही उस्मानी गालिच्यांचा मोठा संग्रह आहे, त्यात मेहराबीचेही पुष्कळ. सुलतान मुहम्मद फातिहच्या दरबारात येऊन गेलेल्या जेंतिले बेलिनी या इटालियन चित्रकाराने हजरत मरियम (अ.) यांच्या पायाशी मेहराबीचा गालिचा रंगवला आहे. ते चित्र लंडनच्या राष्ट्रीय चित्रदालनात आहे. त्या चर्चने हे गालिचे शतकानुशतके जपले, याबद्दल त्यांचे आभारच मानले पाहिजेत. विकत घेणाऱ्यापेक्षा मला विकणाऱ्याची चिंता वाटली. मशिदीत नवा मशीनचा गालिचा आला की जुना ‘फाटका’ म्हणून कोपऱ्यात जातो आणि कोपऱ्यातून बाजारात. आपल्याकडेही मशिदींची डागडुजी निघाली की जुनी लाकडी मिंबर, हंड्या, हस्तलिखिते कुठे जातात, हे कोणी विचारते का?

घरी आले. अम्मीच्या हातात तिचा रुमाल तसाच ठेवला.

“एवढ्या लांब जाऊन रिकाम्या हाताने आलीस?”

मी सगळे सांगितले. ती थोडा वेळ गप्प बसली. “मशिदीतली म्हणाला?”

“हो.”

“मग राहू दे.” आवाजात नाराजी होतीच.

मग मी तिला मोबाइलवरची छायाचित्रे दाखवली. अम्मीने आयुष्यभर वाकळ शिवल्या आहेत. तिने दोन बोटांनी चित्र मोठे केले आणि किनारीच्या कोपऱ्यावर थांबली. “हिचा कोपरा जुळला नाही बघ. इकडचे फूल पुरे, तिकडचे अर्धे.” खरेच होते. गावातल्या बायका कागदावरचा नमुना न ठेवता आठवणीने विणत. किनार वळताना हिशेब चुके. मी गाईडने सांगितलेली गोष्ट सांगितली की परिपूर्ण फक्त अल्लाह आहे म्हणून त्या मुद्दाम एक चूक सोडत.

“मुद्दाम कोण चुकतं?” अम्मी म्हणाली. “रात्रीचं काम असणार. पोर रडलं असेल. उसवायला वेळ कुणाला होता?” आणि बराच वेळ ती त्या अर्ध्या फुलाकडे बघत राहिली.

त्या आठवड्यात तिने ट्रंक उघडली. अब्बांची जानमाज घडीच्या रेषेवर विरली होती. चाचांनी सांगितले होते, गालिचा कधी घडी घालून ठेवू नये, गुंडाळून ठेवावा, अधूनमधून उलगडून हवा दाखवावी, आणि वापरावा. अम्मीने माझ्या मुलाकडून सुईत दोरा ओवून घेतला आणि चार संध्याकाळी बसून ती भरली. रंग तंतोतंत जुळला नाही. आता माझा मुलगा तिच्यावर नमाज पढतो. कपाळाच्या जागी जिथे अब्बांचा रंग उडाला होता, तिथेच त्याचे कपाळ टेकते.

पंचवीस हजारांपैकी वीस हजार अम्मीने आजोळच्या गावातल्या मशिदीच्या चटया बदलायला पाठवले. सोबत निरोप, नाव लिहू नका आणि जुन्या चटयांतल्या धड असतील त्या फेकू नका. उरलेले पाच तिने पुन्हा रुमालात बांधले आहेत. “पुन्हा गेलीस तर छोटी तरी आण,” ती म्हणते. “त्या बायकांच्या संस्थेतली. मशिदीतली नको.”

काचेमागच्या त्या जानमाजींवर सनावळी आहेत, गावांची नावे आहेत. विणणारीचे नाव क्वचितच कुठे असेल. पण ज्याच्यासाठी मेहराब विणली, त्याला प्रत्येकीचे नाव ठाऊक आहे. त्यांच्या हातून झालेल्या प्रत्येक गाठीचा, आणि त्या अर्ध्या राहिलेल्या फुलाचाही मोबदला अल्लाह त्यांना देवो. आमीन.